इंदूरमध्ये नव्या सोर्सचं मोजमाप सात टक्के कमी आलं, तर चूक कुठे शोधायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या मेडिकल फिजिसिस्टने (रेडिएशनचं मोजमाप सांभाळणाऱ्याने) विचारलंय की ब्रेकीथेरपी (शरीराच्या आत गाठीजवळ नेऊन दिलेलं रेडिएशन) मशीनमध्ये इरिडियम-१९२ चा नवा सोर्स, म्हणजे किरणोत्सर्गी स्रोत, बसवला. सर्टिफिकेटवर सोर्सची ताकद म्हणून ४१.०० मिलिग्रे प्रति तास (ग्रे हे डोसचं एकक), एक मीटर अंतरावर, असा आकडा आहे. त्या तारखेपासून नऊ दिवस झालेत, म्हणजे आज ३७.६८ यायला हवेत. वेल चेंबरने (सोर्स आत घालून त्याची ताकद मोजायचं विहिरीसारखं उपकरण) मोजले तर आले ३५.१०. फरक ६.८ टक्के. कंपनीचा इंजिनिअर म्हणतो, 'सर्टिफिकेटचा आकडा टाका, सगळे तोच टाकतात.' डॉक्टर म्हणतात, उद्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तीन पेशंट आहेत. तर प्लॅनिंग सिस्टीममध्ये (डोसचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कुठला आकडा टाकू?

आज तरी दोन्हींपैकी एकही नाही. तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला की कारण शोधायचं आणि पाच टक्क्यांच्या पुढे गेला की उत्पादकाला कळवायचं, असं एएपीएमचे (अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेचे) अहवाल सांगत आलेत. तुमचा फरक दोन्ही रेषा ओलांडून गेलाय. 'कुठला टाकू' हे नंतर ठरवू. आधी दोन आकडे का भांडतायत ते कळायला हवं, कारण त्यातला एक नक्की चुकीचा आहे आणि तो कुठला हे अजून कुणालाच माहीत नाही.

घाई का नको तेही सांगते. अप्लिकेटर (सोर्सला शरीरात जागेवर धरणारं साधन) एखाद्या मिलिमीटरने सरकला तर ती चूक एका पेशंटच्या एका फ्रॅक्शनपुरती, म्हणजे उपचाराच्या एका हप्त्यापुरती, राहते. सोर्सची ताकद चुकीची भरली तर तो सोर्स मशीनमध्ये असेपर्यंत, म्हणजे पुढचे तीन-चार महिने, प्रत्येक पेशंटचा डोस तेवढ्याच टक्क्यांनी आणि एकाच दिशेने चुकत जातो. कुठल्याही प्लॅनवर ते दिसत नाही. प्लॅन सुंदरच दिसतो.

आता तुमचे आकडे. तुम्ही सगळ्या नोंदी दिल्यात हे फार चांगलं केलंत, नाहीतर मला नुसते अंदाज बांधत बसावं लागलं असतं. धारा ७४.२ नॅनोअँपिअर, तापमान २३.४ अंश, दाब १००८ हेक्टोपास्कल, रिकॉम्बिनेशनची (मोजण्याआधीच पुन्हा जुळून हरवणाऱ्या आयनांची) दुरुस्ती १.०००५, चेंबरचा गुणांक (धारेवरून सोर्सची ताकद काढायचा) ४,६५,००० ग्रे-चौरस मीटर प्रति तास प्रति अँपिअर, संदर्भ तापमान २० अंश. हे सगळं गुणलं की ३५.१० येतात. गणितात चूक नाही.

पण १००८? इंदूरमध्ये? हा आकडा मला वडोदऱ्याहून चांगला ओळखीचा आहे, तिथे मी बरीच वर्षं काढली. वडोदरा समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर. इंदूर माळव्याच्या पठारावर, साधारण साडेपाचशे मीटर उंच. जमिनीलगत दर साडेआठ मीटर चढलं की दाब साधारण एक हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे इंदूरचा खरा दाब ९४८ च्या आसपास असायला हवा. हिवाळ्यात थोडा जास्त, जून-जुलैत थोडा कमी. १००८ इथे वर्षाच्या कुठल्याही दिवशी येणार नाही. तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की हा आकडा मोबाइलच्या हवामानाच्या अॅपवरून किंवा विमानतळाच्या हवामान नोंदीतून घेतलाय. दोन्हीकडे दाखवतात तो समुद्रसपाटीला उतरवलेला दाब. हवामानाचा नकाशा काढणाऱ्याला आणि उंचीमापक लावणाऱ्या पायलटला तोच हवा असतो. आपल्याला तो चालत नाही.

कारण साधं आहे. ब्रेकीथेरपीसाठी आपण वापरतो ती वेल चेंबर उघडी असते, आतली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली. किरणोत्सर्गाने जितक्या हवेचं आयनीकरण होईल तितका विद्युतभार मिळणार आणि इंदूरमध्ये त्या पोकळीत समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्के हवा कमीच असते. चेंबर कमी वाचते ती बरोबरच वाचते. ती तूट भरून काढण्यासाठी तर दाब-तापमानाची दुरुस्ती असते आणि तुम्ही तिच्यात समुद्रकाठचा दाब घातलात. समजा तुमच्या खोलीतला खरा दाब ९४६ निघाला. मग दुरुस्तीचा गुणक १.०१७ ऐवजी १.०८३५ होतो आणि त्याच ७४.२ नॅनोअँपिअरमधून ३७.४० मिलिग्रे प्रति तास बाहेर येतात. सर्टिफिकेटशी फरक उणे ०.७ टक्का. इतका फरक रोजचाच.

वडोदऱ्यात हीच चूक केली असती तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडला असता, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणून किनाऱ्याजवळच्या केंद्रात शिकून आलेल्या फिजिसिस्टकडून माळव्यात आल्यावर हे सहज होतं. तिथे चुकीची सवय चालून जाते.

समजा इंजिनिअरचं न ऐकता तुम्ही आपला ३५.१० भरला असता. सिस्टीमला वाटलं असतं सोर्स अशक्त आहे, तिने प्रत्येक थांब्यावर सोर्स जास्त वेळ ठेवला असता आणि सात ग्रेच्या फ्रॅक्शनला साधारण ७.४६ ग्रे गेले असते. तेही गुदाशय आणि मूत्राशय शेजारी असताना. म्हणजे या खेपेला इंजिनिअरचा सल्ला योगायोगाने पेशंटच्या बाजूचा ठरला असता. तरी तो मानायचा नाही. उद्या सर्टिफिकेटवरच टाइप करताना चूक झाली असेल तर तुमच्याशिवाय ती पकडणारं दुसरं कुणी नाही. उत्पादक स्वतःच्या आकड्याची अनिश्चितता सहसा पाच टक्के लिहितात, ती उगीच नाही.

मात्र मी इथे बसून दाब हेच कारण म्हणून शिक्का मारणार नाही. आकडा हवा तसा जुळला की माणूस शोध थांबवतो, हा मोह या कामात सगळ्यात वाईट. दोन तपासण्या करा, दोन्ही तासाभरात होतात. पहिली तपासणी चेक सोर्सची. तुमच्या वेल चेंबरसोबत दीर्घ आयुष्याचा छोटा चेक सोर्स असेल तर तो नेहमीच्या जागी ठेवून वाचन घ्या आणि १००८ घालूनच जुन्या नोंदींशी ताडून बघा. तिथेही सहा-सात टक्क्यांची तूट दिसली तर इरिडियम निर्दोष आहे आणि गडबड चेंबर, इलेक्ट्रोमीटर (चेंबरची धारा वाचणारं यंत्र) किंवा दाबात आहे. मग ९४० च्या घरातला खरा दाब घालून पुन्हा करा. तूट भरून निघाली तर चोर सापडला. नाही निघाली तर चेंबरकडेच बघावं लागेल.

दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची आहे आणि ब्रेकीथेरपीच्या बाहेरची आहे. तुमच्याकडे लिनॅक (बाहेरून रेडिएशन देणारं मशीन) आहे ना? त्याचा आउटपुट मोजताना दाब कुठून घेतात ते आजच विचारा. टीआरएस-३९८ च्या (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या डोस मोजण्याच्या नियमावलीच्या) पद्धतीतही हीच दुरुस्ती आहे आणि तिथली फार्मर चेंबरही (बोटासारखी छोटी चेंबर) उघडीच असते. तिथे योग्य बॅरोमीटर वापरत असतील तर तुमची अडचण मिटली, तोच उचलून आणा. पण तिथेही कुणी अॅपवरून दाब घेत असेल तर तुमचा सोर्स ही त्या विभागातली सगळ्यात लहान काळजी आहे. तसं निघालं तर विभागप्रमुख आणि आरएसओ (रेडिएशन सुरक्षा अधिकारी) यांना त्याच दिवशी लेखी कळवा.

बॅरोमीटर असूनही फसायला होतं, म्हणून दोन शब्द. भिंतीवरच्या काटेवाल्या बॅरोमीटरला मागे एक बारीक स्क्रू असतो. कुणीतरी उत्साही माणूस हवामान खात्याचा आकडा बघून तो फिरवतो, काटा समुद्रसपाटीवर नेऊन ठेवतो आणि वर सगळ्यांना सांगतो की बॅरोमीटर बिघडलं होतं, मी दुरुस्त केलं. घरगुती डिजिटल हवामान यंत्रांतही उंची भरायची सोय असते, ती भरली की पडद्यावर उतरवलेलाच दाब येतो. तुमच्या बॅरोमीटरवर इंदूरमध्ये हजाराच्या वरचा आकडा दिसला तर आधी हे बघा. अनेक फोनमध्ये दाबाचा स्वतःचा सेन्सर असतो, त्याचा कच्चा आकडा दाखवणारं अॅप अंदाज तपासायला चालतं. नोंदवहीत मात्र कॅलिब्रेट केलेल्या बॅरोमीटरचाच आकडा जायला हवा. एक हेक्टोपास्कलची चूक म्हणजे साधारण ०.१ टक्का, त्यामुळे अगदी उंची उपकरण लागतं असंही नाही.

दाबानंतर माझा दुसरा संशय तापमानावर असतो. तुमच्या बाबतीत खरा दाब घालून आकडा जुळला तर याची गरज पडणार नाही, पण उन्हाळ्यात इंदूरला हे होतंच. चेंबर स्टोअरमध्ये ३४ अंशांवर पडलेली असते, बंकरमध्ये (जाड भिंतींच्या उपचाराच्या खोलीत) एसी २२ वर. आणून अर्ध्या तासात मोजायला बसलात तर थर्मामीटर २२ दाखवतो आणि चेंबरच्या आतली हवा अजून तापलेली, विरळ असते. बारा अंशांचा फरक म्हणजे चार टक्के आणि तेही कमी वाचण्याच्याच दिशेने. वेल चेंबर जाडजूड असते, ती सावकाश निवते. मी ती आदल्या संध्याकाळीच बंकरमध्ये नेऊन ठेवते आणि एसी रात्रभर चालू ठेवायला सांगते. देखभाल विभाग कुरकुरतो, कुरकुरू दे. थर्मामीटरचं टोक भिंतीवर नको, चेंबरच्या पोकळीत हवं.

संदर्भ तापमान २० अंश धरलंत ते सर्टिफिकेटवर वाचून की सवयीने? भाभा अणुसंशोधन केंद्राकडून कॅलिब्रेट झालेली असेल तर २० अंश. अमेरिकी प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट असेल तर २२ असतं. चुकलं तर पाऊण टक्क्याच्या आसपास फरक पडतो. एवढ्याने सात टक्के होत नाहीत, पण एका बाजूला झुकलेल्या अशा तीन-चार छोट्या चुका मिळून होतात.

मोजणी कशी केलीत तेही बघा. चेंबर भिंतीपासून आणि जमिनीपासून निदान मीटरभर लांब, शक्यतो हलक्या स्टँडवर, म्हणजे भिंतीवरून परतणारे किरण आत शिरणार नाहीत. चेंबरमधला होल्डर कॅलिब्रेशनच्या वेळी होता तोच हवा. होल्डर बदलला तर गुणांकही बदलतो. कॅथेटर (सोर्स ज्यातून आत जातो ती नळी) तळाला टेकलाय याची खात्री करून वर चिकटपट्टीने बांधा, कारण ड्राइव्ह केबल आत येताना त्याला थोडा वर ढकलू शकते. मग सोर्स पाच-पाच मिलिमीटरने वर नेत प्रत्येक ठिकाणी धारा वाचा. वाचनं चढत जातात, एका जागी सपाट होतात आणि मग उतरतात. त्या सपाट माथ्यावरचं वाचन घ्यायचं. तिथे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी फरक नगण्य असतो, म्हणूनच तर ती जागा निवडतात. माथा गेल्या वेळेपेक्षा भलतीकडे आला तर कॅथेटर सरकलाय. आणि भार नको, धाराच मोजा. भार मोजलात तर सोर्स आत येताना आणि बाहेर जाताना जमलेला भारही त्यात मिसळतो आणि मग दोन वेगवेगळ्या वेळांची वजाबाकी करत बसावं लागतं. तुम्ही धाराच मोजलीय, ठीक आहे.

तारखेचं एक बघा. इरिडियमचं अर्धआयुष्य ७३.८३ दिवस, रोज साधारण ०.९ टक्का घट. सर्टिफिकेटवर बहुधा युरोपातली वेळ असते. भारतीय वेळेशी साडेतीन-साडेचार तासांचा फरक म्हणजे जेमतेम ०.१५ टक्का, तो सोडून द्या. धोका तारीख लिहिण्याच्या पद्धतीत आहे. ०४/०७ म्हणजे ४ जुलै की ७ एप्रिल? या दोघांत ८८ दिवस आहेत आणि सोर्सच्या ताकदीत दुपटीहून जास्त तफावत. इतकी मोठी चूक लगेच दिसते म्हणा. खरा त्रास एक-दोन दिवसांच्या गफलतीचा, ती एक-दोन टक्क्यांत लपून राहते. महिना अक्षरांत लिहा.

आता समजा हे सगळं बघितलं, दाबही बरोबर निघाला आणि तरी फरक पाच टक्क्यांवर राहिला. मग दुसरी चेंबर लागेल. गावातल्या दुसऱ्या केंद्रातून मागून आणा. आपल्यात अशी देवाणघेवाण चालते आणि चालायला हवी. तीही मिळाली नाही तर फार्मर चेंबर हवेत धरून दहा-वीस सेंटीमीटरवरून मोजता येतं, पण त्या पद्धतीत अंतराची एक मिलिमीटरची चूकही महागात पडते. जिगशिवाय (अंतर पक्कं धरणाऱ्या साच्याशिवाय) त्या वाटेला जाऊ नका. न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांचा डोस कॅलिब्रेटर उसना आणू नका, तो सहसा दाबाखाली भरलेला आणि बंद असतो, त्याला ही दुरुस्ती लागूच होत नाही. दोन स्वतंत्र चेंबर्स एकच सांगत असतील आणि सर्टिफिकेट वेगळं, तर उत्पादकाला आकड्यांसकट लिहा आणि तोवर मशीन थांबवा.

पेशंटचं काय, हा प्रश्न उरतोच आणि तो माझ्या एकटीच्या अधिकारातला नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचं रेडिएशन आणि ब्रेकीथेरपी मिळून सगळे उपचार आठ आठवड्यांत संपवायचे असतात, लांबले तर रोगावरचा ताबा सुटू शकतो. म्हणून उद्याच्या तीन पेशंटपैकी कुणाचा कितवा आठवडा चाललाय ते डॉक्टरांकडून आजच समजून घ्या. सहाव्या आठवड्यातली पेशंट दोन दिवस थांबू शकते. कुणाचा आठवा आठवडा असेल तर तिला दुसऱ्या केंद्रात पाठवण्याचा विचार डॉक्टरांनी करायचा. पण बाहेर पेशंट बसलेत म्हणून संशयित आकडा आत भरायचा, एवढं करू नका. डॉक्टर चिडले तर त्यांना ७ आणि ७.४६ चा हिशोब दाखवा, तो सगळ्यांना लगेच कळतो.

फरक तीन टक्क्यांच्या आत आल्यावर कुठला आकडा भरायचा, यावर मतं दोन आहेत. मी मोजलेला भरते. माझ्या चेंबरचं कॅलिब्रेशन मुदतीत असेल (आपल्याकडे दर दोन वर्षांनी करतात) तर त्या आकड्याची साखळी राष्ट्रीय मानकापर्यंत जाते आणि मोजणी माझ्यासमोर झालेली असते. काही केंद्रं फरक कमी असेल तर सर्टिफिकेटचा भरतात, त्यातही वावगं काही नाही. धोरण एकदा ठरवा, लिहून ठेवा आणि सोर्स बदलला तरी तेच पाळा. दोन्हींची सरासरी काढू नका. सरासरी दिसायला समजूतदार असते, पण तिला कुठल्याच प्रयोगशाळेचा आधार नसतो.

भरताना एअर केर्माचाच (किरणांनी हवेला दिलेल्या ऊर्जेचा, वर मिलिग्रेमध्ये आहे तोच) आकडा भरा. ३७.४० मिलिग्रे प्रति तास म्हणजे प्लॅनिंग सिस्टीमच्या भाषेत ३७,४०० यू. सिस्टीम क्युरी (किरणोत्सर्गाचं जुनं एकक) मागत असेल तर तिने आतमध्ये कुठला रूपांतर-स्थिरांक धरलाय ते आधी शोधा. सर्टिफिकेटवरचे क्युरी वेगळ्या स्थिरांकाने काढलेले असू शकतात आणि तिथे टक्काभर सहज हरवतो. प्लॅनिंग सिस्टीम आणि मशीनचा कन्सोल, दोन्हीकडचा आजचा घटलेला आकडा शेजारी ठेवून दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

मग हाताने एक हिशोब करा. टीजी-४३ (ब्रेकीथेरपीचा डोस काढायची एएपीएमची पद्धत) प्रमाणे या प्रकारच्या सोर्सचा डोस रेट स्थिरांक साधारण १.११. म्हणजे ३७,४०० यू ला, सोर्सपासून बाजूला एक सेंटीमीटरवर, तासाला सुमारे ४१,५०० सेंटिग्रे, मिनिटाला ६.९ ग्रे. सिस्टीममध्ये एकच थांबा, साठ सेकंद, एक सेंटीमीटर असा प्लॅन करून बघा. हाच आकडा आला पाहिजे.

एक आडवा मुद्दा, कुणी विचारेल म्हणून. उंचावर दाब-तापमानाची साधी दुरुस्ती पुरत नाही, असं वाचलं असेल तर ते आयोडीन-१२५ सारख्या कमी ऊर्जेच्या सोर्सबद्दल खरं आहे. तिथे चेंबरच्या भिंतीतून सुटलेले इलेक्ट्रॉन फार लांब जात नाहीत आणि हवा विरळ झाली की ही दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त पडते. इरिडियमला इंदूरच्या उंचीवर त्याची चिंता नाही.

शेवटी नोंदवहीबद्दल. प्रत्येक सोर्सचं मोजलेलं भागिले सर्टिफिकेटचं, हे एक गुणोत्तर एका पानावर ओळीने लिहीत जा. आधीच्या फिजिसिस्टच्या नोंदी सापडल्या तर त्यांचीही गुणोत्तरं काढा. ती ०.९९ च्या आसपास खेळत असतील आणि तुमचं पहिलंच ०.९३ आलं असेल, तर काय बदललं ते शोधणं सोपं जातं. १००८ लिहिलेला कागद फाडू नका, एका रेषेने खोडा, शेजारी कारण, तारीख आणि सही करा. आणि मोजणीच्या फॉर्मवर दाबाच्या रकान्यापुढे छापूनच घ्या: 'स्थानिक दाब, ९३५ ते ९६० च्या बाहेर आल्यास मोजणी थांबवावी.'